तिसऱ्या आठवड्याचं तिकीट

5 ऑगस्ट 1994. मुंबईत मरीन लाइन्सच्या लिबर्टी चित्रपटगृहात ‘हम आपके हैं कौन..!’ लागला. सुरुवातीला मोजकीच चित्रपटगृहं, आणि व्हिडिओ कॅसेट बाजारात नाहीच. राजश्री या निर्मितीसंस्थेने हे ठरवून केलं होतं. त्या काळी नवा सिनेमा केबलवाल्याच्या कृपेने घरोघरी दिसायचा. पण कॅसेटच नसेल, तर स्वच्छ कॉपी काढणार कशावरून? 14 गाण्यांचा हा लग्नघरातला सिनेमा लिबर्टीत 100हून अधिक आठवडे चालला.

कौटुंबिक सिनेमा असाच कमावतो. हाणामारीच्या सिनेमाला पहिल्या दिवशी तरुणांची झुंबड उडते. इथे आधी घरातलं कुणीतरी एक बघून येतं, मग सासूबाई, नणंद, मुलं असं अख्खं घर निघतं. म्हणजे खरी गर्दी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. ऑनलाइन चोरीचा घाव बसतो तो तिथेच.

(पडदा, त्यासमोर उंचावलेला मोबाइल)

पहिली चोरटी प्रत थिएटरातच चित्रित होते. चित्र तिरकं, आवाज घुमणारा. मग एका प्रतीचं चित्र आणि दुसरीचा स्वच्छ आवाज जोडून सुधारलेली प्रत फिरू लागते. तिच्यावर सट्टेबाजीच्या जाहिराती झळकतात, कारण धंद्याचा पैसा तिथूनच येतो. हिंदी सिनेमा साधारण 8 आठवड्यांनी ओटीटीवर येतो, तेव्हा तर काही तासांत मूळ दर्जाची फाइल टेलिग्रामवर असते.

डिजिटल सिनेमाच्या मानकांनुसार थिएटरला पाठवलेली फाइल 128 बिटच्या चावीने कुलूपबंद असते, आणि ती चावी ठरलेल्या सर्व्हरवर, ठरलेल्या मुदतीतच चालते. म्हणून चोर पडद्याकडे वळतो. पडद्यावरच्या चित्रातही डोळ्यांना न दिसणारा वॉटरमार्क असतो. 35 बिटांची ही खूण: 16 बिट वेळेसाठी, 19 बिट यंत्राच्या ओळखीसाठी. वेळेची नोंद दर 15 मिनिटांनी बदलते. चोरट्या प्रतीतला 5 मिनिटांचा तुकडा हाती लागला, तरी कुठल्या पडद्यावर, कोणत्या खेळाला चित्रण झालं ते काढता येतं. पडदा किती तिरका दिसतो, यावरून आसनाचाही अंदाज बांधता येतो. माणूस मात्र वॉटरमार्क सांगत नाही. त्यासाठी थिएटरचा सीसीटीव्ही लागतो, आणि त्यातलं जुनं चित्रण पुसलं जाण्याआधी मागावा लागतो.

कायदा 2023 साली कडक झाला. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या दुरुस्तीनुसार असं चित्रण केल्यास किमान 3 महिने, कमाल 3 वर्षं कैद. दंड 3 लाखांपासून निर्मितीखर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत. माहिती व प्रसारण मंत्रालयाने आणि सेन्सॉर बोर्डाने नोडल अधिकारी, म्हणजे चोरट्या प्रतींच्या तक्रारी घेणारे अधिकारी, नेमले. तक्रारीनंतर 48 तासांत कारवाई अपेक्षित आहे.

पण एक पत्ता बंद झाला, की तीच साइट दुसऱ्या पत्त्यावर उघडते. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल 2019मध्ये वाट काढली: साइट बंद करण्याचा मूळ आदेश मिळाला, की नव्या पत्त्यासाठी नवा खटला नको, प्रतिज्ञापत्रासह अर्ज केला, की तो पत्ता त्याच आदेशात जोडता येतो.

म्हणून हक्काची कागदपत्रं आणि अधिकारपत्र प्रदर्शनाआधीच तयार हवं. शुक्रवारी तक्रारीत फक्त चोरट्या प्रतींच्या लिंक भरायच्या. पहिला शनिवार-रविवार त्या 48 तासांत जाईलच. दुसरा-तिसरा आठवडा मात्र हातात राहतो, आणि कौटुंबिक सिनेमाचा गल्ला तिथेच भरतो.