अर्बिनोच्या खोलीतले २८ विद्वान आणि आपल्या हॉलची भिंत

घरात विद्वानांचे कॅनव्हास प्रिंट लावायचं फॅड हल्लीचं आहे असं वाटत असेल तर जरा इटलीत चला, अर्बिनो नावाच्या डोंगरावरच्या गावात. इथला ड्यूक फेदेरिको दा मॉन्तेफेल्त्रो. पेशाने भाडोत्री सेनापती, उजवा डोळा गेलेला, नाकाचं हाड वरून खचलेलं, आणि लढायांमधून आलेला पैसा या गड्याने ओतला कशात तर पुस्तकांत आणि चित्रांत.

राजवाड्यात त्याने स्वतःसाठी एक अभ्यासिका करून घेतली, १४७६ च्या सुमाराला. राजवाडा एवढा मोठा पण ही खोली जेमतेम साडेतीन मीटरची, आपल्या फ्लॅटमधल्या बेडरूमएवढी. खालची अर्धी भिंत लाकडाची. उघडी कपाटं दिसतात, त्यात पुस्तकं, वाद्यं, चिलखत, एक खारसुद्धा बसलीये, आणि हे सगळं सपाट आहे बरं का, वेगवेगळ्या रंगांचे लाकडाचे तुकडे एकमेकांत बसवून केलेलं. आणि त्याच्या वर, दोन ओळींत, २८ माणसं.

प्लेटो, ॲरिस्टॉटल, होमर, सिसेरो, युक्लिड, हिपोक्रेटिस, दान्ते, ख्रिस्ती धर्मातले मोठे आचार्य. घेंटचा यूस्तुस आणि स्पेनचा पेद्रो बेरुगेते या दोघांच्या नावावर ही चित्रं सांगतात, कुठलं कोणाचं यावर जाणकारांचे वाद चालूच असतात, ते सोडा. मला यात सगळ्यात आवडतो तो व्हित्तोरिनो दा फेल्त्रे. हा कोण? तर फेदेरिको लहानपणी मान्तोव्हाला ज्यांच्या शाळेत शिकला ते गुरुजी! प्लेटो आणि ॲरिस्टॉटलच्या पंगतीला आपले मास्तर बसवलेत त्याने, तेही ते वारल्यावर तीस वर्षांनी.

आता याच २८ जणांतला हा टॉलेमी बघा, जवळून, जुन्या काळचा खगोलशास्त्रज्ञ. हातात खगोलाचं कड्याकड्यांचं यंत्र, ठीक आहे, पण डोक्यावर मुकुट कशाला? कारण त्या काळात इजिप्तच्या टॉलेमी राजांची आणि या खगोलशास्त्रज्ञाची गल्लत व्हायची, नाव एकच ना. खरा टॉलेमी कसा दिसायचा हे चित्रकाराला माहीत असायचं कारणच नव्हतं. आपल्याकडे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात आर्यभटांचा पुतळा आहे, त्याचंही तेच, चेहरा पूर्ण कल्पनेतला. तरी तिथे गेल्यावर लोक फोटो काढतातच आणि काढावा पण.

पुढे घराणं संपलं, १६३१ मध्ये अर्बिनो पोपच्या ताब्यात गेलं आणि ही चित्रं भिंतीवरून उतरवून रोमला नेली. आज १४ अर्बिनोत आणि १४ पॅरिसला लूव्र संग्रहालयात, टॉलेमी आणि मास्तर दोघंही पॅरिसवालेच. २०१५ मध्ये एका प्रदर्शनासाठी काही महिने २८ च्या २८ एकत्र आले होते.

तर सांगायचं हे की भिंत भरायची म्हणून ऑनलाइन बारा जणांचा तयार सेट मागवू नका, तोच सेपिया टोन, तोच फॉन्ट, आणि खाली असा कोट जो बिचाऱ्याने जन्मात म्हटलेला नसतो. आपण ज्याचं वाचलंय, ज्याच्यामुळे आपलं काही बदललंय, तो लावा. महाराष्ट्रात हे कोणी इंटिरियर डिझायनरने शिकवावं लागलेलं नाही, कोलंबिया आणि लंडनच्या डॉक्टरेट मिळवलेल्या बाबासाहेबांचा फोटो दहा बाय दहाच्या खोलीतही पहिल्यापासून मानाच्या जागी आहे. आणि शाळेतल्या बाईंचा ग्रुप फोटोतला चेहरा मोठा करून लावलात तरी चालेल, फेदेरिकोने तेच केलं.

प्रिंटचं म्हणाल तर फाइल मोठी हवी, व्हॉट्सॲपवरून आलेली चालत नाही. टॉलेमीचं मूळ चित्र साधारण ९८ बाय ६६ सेंटिमीटर, म्हणजे ३६ बाय २४ इंचात जवळजवळ जसंच्या तसं बसतं. १५० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला १५० ठिपके धरले तर, ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, पण कॅनव्हास लाकडी फ्रेमवर मागे वळवून ठोकायचा असतो म्हणून चारी बाजूंना दीड इंच जास्त धरा, म्हणजे ५८५० बाय ४०५०. हे नाही सांगितलं तर प्रिंटवाला चित्राचीच कड वळवतो आणि विद्वानाची बोटं बाजूच्या पट्टीवर जातात. जुन्या तैलचित्रातले काळपट तपकिरी रंग छापल्यावर अजून गडद होतात, त्यामुळे आधी वीतभर तुकडा सँपल काढून घ्या आणि तो घरी आणून आपल्या ट्यूबलाइटखाली बघा, दुकानातल्या उजेडाचं काही खरं नसतं.

एरवी चित्र डोळ्यांच्या उंचीला लावतात, पण ही अर्बिनोची मंडळी थोडी वरच लावा, कारण खालून बघितली जाणार हे धरूनच ती काढलीयेत. आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाचा मार बसणारी बाहेरची भिंत टाळा, ओल आली की कॅनव्हासला मागून बुरशी धरते. फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना रबराची बटणं चिकटवा, भिंतीपासून बोटभर सुटी राहिली की हवा खेळते, आणि पुसायचं ते कोरड्या फडक्याने, कॉलिन मारायचं नाही.