रुमाल, कोश आणि कबुली

श्रोतेहो,

गुन्ह्यावर लिहिणाऱ्यांचे आपण सरसकट दोन गट पाडतो. कादंबरीकार रंगवून सांगतो आणि वृत्तान्त लिहिणारा घडले तसे सांगतो, अशी ती वाटणी. ती भाषेच्या कसोटीवर कितपत टिकते हे पाहण्यासाठी आज मी एकाच गुन्ह्यावरची, तीन वर्षांच्या अंतराने निघालेली दोन इंग्रजी पुस्तके घेतली आहेत. कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम स्लीमन याने १८३६ मध्ये कलकत्त्याहून ‘रामासीयाना’ प्रसिद्ध केले, आणि निजामाच्या चाकरीत असलेल्या फिलिप मेडोज टेलर याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ मध्ये लंडनला निघाली. विषय दोघांचा एकच, प्रवाशांशी सलगी करून वाटेत त्यांचा गळा आवळणारे ठग. मराठी मुलखाला हा विषय परका नाही. टेलरची पुष्कळशी नोकरी मराठवाड्याच्या आसपास झाली, आणि पुढे हिंगोलीचा उल्लेख येणार आहे.

स्लीमनचे पुस्तक मुळात कोश आहे, आणि मला ते फार विलक्षण वाटते. गुन्ह्याचा वृत्तान्त लिहायला बसलेल्या माणसाने आधी गुन्हेगारांचे शब्द गोळा केले आणि ते वर्णानुक्रमे लावले. ठगांच्या सांकेतिक बोलीला ‘रामासी’ म्हणत. तिच्यात प्रत्यक्ष गळा आवळणारा तो ‘भुर्तोट’, सावजाला गोड बोलून टोळीत ओढून आणणारा तो ‘सोथा’, खड्डे खणून प्रेते पुरणारा तो ‘लुघा’. रुमाल मानेऐवजी तोंडावर किंवा डोक्यावर पडून काम बिघडले, तर त्यालाही वेगळा शब्द होता. आणि ज्याला मारायचे त्या प्रवाशाला म्हणत ‘बुनिज’, म्हणजे व्यापाराचा माल. ‘वाणिज्य’ आणि ‘वाणी’ हे आपले शब्द ज्या घरातले, त्याच घरातला हा शब्द. वाटेवर माणूस भेटला असे ठग म्हणत नसे, माल आला असे म्हणे.

आता कोशाची रीत पाहा. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. कोण, कधी, कोणाला, हे प्रश्न तिथे उद्भवतच नाहीत. शेकडो माणसांच्या मृत्यूंचा ऐवज अशा रीतीने नामांमध्ये साठवला जातो आणि वाक्यातली क्रियापदे गळून पडतात. याला केवळ लेखनशैली म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याच वर्षी, १८३६ मध्ये, कंपनी सरकारने केलेल्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत सामील असणे एवढ्याचसाठी जन्मठेप सक्तमजुरीची शिक्षा ठेवली. अमुक माणसाने अमुक माणसाला मारले हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. तो ठग होता एवढे पुरे. आणि ‘ठग’ म्हणजे कोण, याची व्याख्या मात्र कायद्याने केली नाही. स्लीमनने उभे केलेले देशव्यापी, भवानीभक्त संघटनेचे चित्र कितपत खरे आणि कितपत सरकारच्या सोयीचे, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. त्या वादात मी शिरत नाही. नामाच्या बळावर शिक्षा होऊ शकते, एवढेच नोंदवतो.

स्लीमनच्या पुस्तकात कोशाबरोबर माफीच्या साक्षीदारांच्या मुलाखतीही आहेत. प्रश्न, नाव, उत्तर अशी त्यांची मांडणी आहे, आणि ती मांडणीच आपल्याला खात्री देते की हे जसेच्या तसे उतरवलेले आहे. पण बोलणारा हिंदुस्थानीत बोलला आणि छापले गेले इंग्रजीत. शिवाय फासाची दोरी टळावी म्हणून बोलणारा माणूस साहेबांना काय हवे आहे याचा अंदाज घेत बोलणार, हे तर आपल्याकडची कुठलीही कचेरी पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. फिरंगिया नावाचा साक्षीदार सांगतो की एकदा तुपोनीचा, म्हणजे खुनानंतर देवीला दाखवलेल्या नैवेद्याचा, गूळ खाल्ला की माणूस ठगच होतो. काय बिनतोड उत्तर आहे! दोष ना त्याचा, ना टोळीचा, दोष गुळाचा.

टेलरने हीच सामग्री घेतली आणि ती अमीर अली या एका माणसाच्या तोंडी घातली. प्रस्तावनेत तो सांगतो की कथा जवळजवळ सगळी खरी आहे, कल्पनेचा वापर घटना जोडण्यापुरता आणि त्या धंद्याच्या भीषणतेत शक्य तितकी रंजकता आणण्यापुरता केला आहे. अमीर अलीच्या खात्यावर ७१९ खून आहेत. बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर हजार भरले असते, अशी त्याला हळहळ वाटते. इथे ‘मी’ आला आणि नामांच्या जागी क्रियापदे आली: मी ओळख काढली, मी सोबत चाललो, मी गप्पा मारल्या. वाचक त्याच्याबरोबर मुक्कामाला उतरतो, हुक्का ओढतो, आणि तमाखू आणायला सांगणारे एक साधे वाक्य कानी पडले की दचकतो, कारण ‘झिरनी’ म्हणजे काय हे आता त्यालाही कळते. मारण्याचा इशारा म्हणजे झिरनी. कोशात तो निव्वळ अर्थ होता. कादंबरीत तो आपल्याला आधी कळतो आणि शेजारी बसलेल्या प्रवाशाला कळत नाही.

मग कादंबरी अधिक प्रामाणिक म्हणायची का? मला तसे वाटत नाही. हे वाक्य मराठीत करून पाहा. ‘मी त्याला मारले’ हा भावे प्रयोग आहे. क्रियापद मारणाऱ्याच्या मागे जात नाही आणि मरणाऱ्याच्याही जात नाही, नपुंसकलिंगी एकवचनात एकटे उभे राहते. शिवाय ‘मारले’ म्हणजे चोपले की ठार केले, हेही संदर्भावरून ठरवायचे. ‘मी रुमाल टाकला’ म्हणावे तर कर्मणी प्रयोगात क्रियापद रुमालाप्रमाणे चालते आणि ज्याच्या मानेवर तो पडला तो माणूस वाक्याबाहेरच राहतो. ‘मारून टाकले’ म्हटले की कामाचा निकाल लागतो, ‘मारून बसलो’ म्हटले की पश्चात्ताप डोकावतो. ही ‘टाकणे’ आणि ‘बसणे’ कादंबरीकाराच्या हातातली खरी हत्यारे आहेत, आणि आपल्या पंचनाम्यात त्यांना मज्जाव असतो. तिथे मयताच्या गळ्याभोवती वळ ‘दिसून येतो’. कोणाला दिसतो, हे त्या क्रियापदाला विचारायचे नसते.

आणखी एक गोष्ट कादंबरीलाच करावी लागली. अमीर अली नकळत स्वतःच्या सख्ख्या बहिणीचा जीव घेतो आणि फार उशिरा त्याला ते कळते. इतक्या मरणांना काहीतरी हिशेब हवा, ही वाचकाची भूक आहे, आणि टेलरने ती भागवली. स्लीमनच्या साक्षीदारांपुढे असा आरसा कोणी धरत नाही. माझ्या मते कादंबरीतली सर्वांत कच्ची जागा हीच.

उलट टेलरचे सर्वांत अंगावर येणारे लेखन प्रस्तावनेत आहे, जिथे तो कादंबरीकार नसतो. हिंगोलीच्या छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. मुंबईहून कापड आणायचे आहे म्हणून त्याने कॅप्टन रेनॉल्ड्सकडून रीतसर परवाना घेतला. ते कापड आधीच वाटेवर आहे आणि मालक बरोबर आहे, हे त्याला ठाऊक होते. त्याने मालकाला, नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना मारले, त्याच परवान्यावर माल हिंगोलीला आणला आणि छावणीत उघड विकला. टेलर हे कसलीही उपमा न वापरता लिहितो, आणि जाता जाता सांगतो की या व्यापाऱ्याशी इतर अनेकांप्रमाणे माझाही व्यवहार होता. त्या व्यवहारात काय घेतले, हे मात्र तो लिहीत नाही.