आयसीयूबाहेरचे मुके खांब

(नौपाडा, ठाणे येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘हस्तकला आणि मनःशांती’. त्यातलं शास्त्र सांगायचं कबूल केलंय, ते सांगेनच. पण आधी एक तक्रार. ‘जरा निवांत झाले की विणायला घेईन’ असं ज्या म्हणतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे. हात वर करा बरं, कोणाकोणाच्या कपाटात अर्धा स्वेटर पडलाय? अरे वा, एवढ्या! ज्या बाळासाठी घातला होता ते आता कॉलेजात जात असेल. (हशा)

आमच्या ह्यांची बायपास झाली ती ठाण्यातल्याच एका हॉस्पिटलात. आयसीयूबाहेरच्या खुर्च्या तुम्हाला माहीत आहेत, एकमेकींना जोडलेल्या. एक जण हलला की अख्खी रांग हलते. दार उघडलं की छातीत धस्स व्हायचं. फोनवर तीच ती चौकशी, तेच ते उत्तर. मी पर्समधून क्रोशाची सुई काढली आणि मुके खांब, म्हणजे क्रोशातला एक साधा टाका, घालायला लागले. टाक्यात सुई घालायची, दोरा ओढून घ्यायचा, सुईवर दोन वेढे झाले की पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून काढायचा. पुढचा टाका. श्वास आपोआप त्या लयीत यायला लागला.

तेवढ्यात नात्यातल्या एक बाई भेटायला आल्या. ‘अगं, तो आत असा पडलाय आणि तू इथे विणत बसलीस?’ रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. मी सुई पिशवीत टाकली. ते बोलणं मला आजही बोचतं. हातात जपमाळ असती तर कोणी काही म्हणालं असतं का? शेजारी माणसं तासन् तास मोबाइलवर व्हिडिओ सरकवत होती, त्यांना कोणी हटकलं नाही. दुःखात बाईच्या हाताला विरंगुळा दिसला की तिची माया कमी पडली, असं आपण किती सहज धरून चालतो!

संध्याकाळी शेजारची मुलगी म्हणाली, ‘काकू, काढा ना ते परत, मला बघायचंय.’ ती शहापूरची, तिची सासू आत होती. मी तिला साखळी घालायला दाखवली. तिने इतकी घट्ट घातली की सुई परत शिरेना. म्हटलं, बोटं सैल सोड. बोटं सैल सोडली तसे तिचे खांदेही खाली आले. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. ताण आधी टाक्यात दिसतो, मग माणसाला कळतो.

आणि ऐन ताणात हात असे गुंतवणं काही नवं नाही. जव्हार, डहाणू, तलासरी हे २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघरमध्ये गेले. तिथे वारली घरात लग्न निघालं की केवढी धावपळ! नेमक्या त्या धावपळीत सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, काढायला बसतात. सगळं आटोपल्यावर नव्हे, ऐन गडबडीत.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय, म्हणून शास्त्र भराभर सांगते. अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेनं, कोलाज यांत रमू दिलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते उतरलं होतं. आधीचा सराव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी २००५ मध्ये करी आणि कॅसर या संशोधकांनी विद्यार्थ्यांना आधी भीतीदायक आठवण लिहायला लावली आणि मग रंगवायला बसवलं. मंडल, म्हणजे गोलाकार नक्षी, किंवा चौकड्यांची आकृती रंगवणाऱ्यांची चिंता कमी झाली, कोऱ्या कागदावर मनाला येईल तसं रंगवणाऱ्यांची तशी नाही झाली. म्हणून माझा आग्रह असा: मन सैरभैर असताना कल्पक काही करायला जाऊ नका, ठरलेला, साधा, पुन्हा पुन्हा येणारा टाका धरा. धावदोरा चालेल, सुलट-उलट चालेल. झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर मात्र आधी डॉक्टर; सुई त्यांच्या जोडीला.

दाराजवळच्या टेबलावर लोकर आणि सुया ठेवल्यात. चहा घेता घेता साखळी घालून बघा. डावखुऱ्यांनी माझ्या शेजारी नका बसू, समोर बसा. समोरून बघितलं की हात बरोबर जुळतात.