दहा हजार रुपये पन्नास पैसे

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, ‘सेवाशुल्काचे टप्पे आणि कोबोलमधील सर्च ही आज्ञा’ असा विषय निमंत्रणपत्रिकेवर छापलेला असूनही आपण इतके जण आलात, तेव्हा यातील निम्मे तरी माझ्यासारखे संगणक विभागातून निवृत्त झालेले असणार, असे मी धरून चालतो. उरलेल्यांसाठी सांगतो: कोबोल ही एक जुनी संगणकभाषा आणि सर्च ही तिच्यातील, तक्त्यात हवी ती ओळ शोधणारी आज्ञा.

शाखेत जाऊन केलेल्या एनईएफटीवर किती शुल्क घेता येते, याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने घालून दिलेली आहे: १०,००० रुपयांपर्यंत २ रुपये ५० पैसे, त्यावर १ लाखापर्यंत ५ रुपये, २ लाखांपर्यंत १५ आणि त्यापुढे २५ रुपये, अधिक जीएसटी. यातील ‘त्यावर’ हा शब्द ध्यानात ठेवावा, कारण ज्या बँकेत मी नोकरी केली (नाव घेत नाही, निवृत्तिवेतन चालू आहे) तिच्या सूचनाफलकावर त्या शब्दाच्या जागी ‘१०,००१ ते १ लाख’ असे लिहिले गेले आणि आमच्या कोबोलच्या तक्त्यात फलकावरचेच आकडे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन रकान्यांत जसेच्या तसे उतरले.

एका निवृत्त शिक्षकांनी गृहनिर्माण संस्थेची थकबाकी व्याजासह, शाखेतून एनईएफटीने भरली. रक्कम झाली १०,००० रुपये ५० पैसे. जीएसटी धरून ५ रुपये ९० पैसे कापले जायला हवे होते, कापले गेले २९ रुपये ५० पैसे. ‘सिस्टीमनेच कापले आहेत’ हे शाखेचे ठरलेले उत्तर त्यांना मिळाले. पण ज्याने आयुष्यभर मुलांची गणिते तपासली, तो माणूस अशा उत्तराने घरी जात नाही. ते पासबुक घेऊन थेट आमच्या विभागात आले.

आम्ही चाचणी संगणकावर तोच व्यवहार चालवला, तर शुल्क शून्य आले. पुन्हा चालवला, पुन्हा शून्य. वरिष्ठांनी निष्कर्ष काढला की बँकेचेच नुकसान होत आहे आणि ग्राहकाची तक्रार निराधार आहे. तिसऱ्या दिवशी त्या दिवसाची संपूर्ण फाइल मूळ क्रमाने चालवली, तेव्हा उलगडा झाला. १०,००० रुपये ५० पैसे ही रक्कम तक्त्याच्या कोणत्याच ओळीत बसत नव्हती. ओळ न सापडल्यास काय करायचे हे सांगणारे ‘अ‍ॅट एंड’ हे कलम कोणी लिहिले नव्हते, आणि अशा वेळी सर्च काहीही न बोलता पुढच्या वाक्याकडे जाते. शुल्काच्या जागेत आधीच्या ग्राहकाचा आकडा तसाच पडून होता. त्या ग्राहकाने ३ लाख पाठवले होते. त्याचे २५ रुपये गुरुजींच्या माथी बसले. चाचणीत आधी कोणी ग्राहकच नव्हता, म्हणून शून्य.

वरचे २३ रुपये ६० पैसे परत जमा करण्याच्या व्हाउचरवर कारण काय लिहावे, यावर मात्र एक तास चर्चा झाली. शेवटी ‘तांत्रिक’ असे लिहिले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत आणि मूळ मुद्दा अजून मांडायचाच आहे. तक्त्यात मर्यादेचा रकाना एकच ठेवावा, तो ‘पर्यंत’चा, चढत्या क्रमाने, शेवटच्या ओळीत रकान्यात मावतील तितके नऊ भरावेत, म्हणजे मोठ्यात मोठी रक्कमही तिथे बसेल. ‘रक्कम मर्यादेइतकी किंवा तिच्याहून कमी’ ही अट प्रथम जिथे खरी ठरेल, ती ओळ घ्यावी; मग दोन टप्प्यांमध्ये फट राहूच शकत नाही. सर्च सुरू करण्यापूर्वी निर्देशांक, म्हणजे शोध कोणत्या ओळीपासून करायचा तो आकडा, १ वर आणावा. सर्च ऑल ही तिची भावंड आज्ञा वेगवान असली तरी ती किल्ली, म्हणजे शोधायचे मूल्य, तंतोतंत जुळण्याचीच अट मानते, म्हणून टप्प्यांसाठी निरुपयोगी आहे. एक्सेलचे व्हीलुकअप हे तक्त्यात शोधणारे सूत्र अंदाजे जुळणीत खालची मर्यादा मागते, त्यामुळे नेमके १०,००० रुपये दुसऱ्या टप्प्यात ढकलले जातात, तिथे १०,०००.०१ लिहावे लागते.

किमान शिल्लक न राखल्याचा दंड १ एप्रिल २०१५ पासून तुटीच्या टक्केवारीत आकारायचा आहे, तेव्हा दर रुपयांत की टक्क्यांत, हे सांगणारा रकानाही हवा. मात्र त्या दंडामुळे बचत खाते उणे होऊ नये, हा नियम कोणत्याही ओळीत मावत नाही. तो प्रोग्राममध्येच लिहावा लागतो. आणि ‘अ‍ॅट एंड’मध्ये शून्य भरून मोकळे होऊ नये, व्यवहार अडवून अपवाद-यादीत टाकावा. दर बदलल्याच्या तारखांचा रकाना राहिला. त्याबद्दल प्रश्नोत्तरांत कोणीतरी कृपया विचारावे.