फी कॉलेजची, भरणा सरकारचा

(सांगलीचा आयर्विन पूल, सकाळ. नदीकाठची समाधी.)

कृष्णेच्या काठावर ही वसंतदादा पाटलांची समाधी. कॉलेजच्या फीची गोष्ट इथूनच सांगायला हवी. १९८३ साली मुख्यमंत्री असताना दादांनी खाजगी संस्थांना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं काढायला परवानगी दिली. त्याआधी सांगलीच्या पोरांसाठी होतं ते १९४७ सालचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज. जागा मोजक्या. नंबर हुकला की पैसेवाल्याचं पोरगं डोनेशन भरून कर्नाटकात, बाकीच्यांचं शेतात. दादांनी दार उघडलं, पण सरकार दमडी देणार नव्हतं. कॉलेज चालवायचं ते फीवर.

पुढे ती फी घराघरांत परवडेना, तेव्हा सरकारच ती भरू लागलं. ज्या कॉलेजांना अनुदान द्यायचं नाही म्हणून ठरलं, तिथे सरकारचा पैसा मागच्या दाराने पोचला. विद्यार्थ्याच्या अर्जावर बसून!

(सेतू केंद्राबाहेरची रांग.)

हे अर्ज त्याचेच. हातात आठ लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, स्क्रीनवर महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचं सरकारी पोर्टल. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत खुल्या गटातल्या मुलाची निम्मी ट्यूशन फी सरकार देतं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा.

(नोटीस बोर्ड, जवळून.)

हा वरचा ट्यूशन फीचा आकडा ठरवतं शुल्क नियामक प्राधिकरण, २०१५ च्या कायद्याने. कॉलेज हिशेब मांडतं: पगार किती, बाकी खर्च किती. त्यावरून दर विद्यार्थ्यामागे फी निघते. खर्च जास्त दिसला की फी जास्त. तपासणी होते, पण तपासले जातात ते कागद.

समजा, लाखाची फी वीस हजारांनी वाढली. मुलाच्या बापाला झळ दहा हजारांची, मुलीच्या बापाला काहीच नाही. मग भांडायला जाणार कोण? अमेरिकेचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी १९८७ मध्येच तिकडच्या कॉलेजांवर ठपका ठेवला होता, की सरकारी मदतीच्या भरवशावर ती बिनधास्त फी वाढवतात. अभ्यासकांचं त्यावर आजही एकमत नाही. शिवाय तिथे खाजगी कॉलेजची फी कॉलेजच ठरवतं, आपल्याकडे निदान प्राधिकरण तरी आहे.

(बोर्डाच्या खालच्या ओळी.)

डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, बस. यातलं काहीच या माफीत बसत नाही. आणि खुल्या गटातल्या ज्या घराचं उत्पन्न आठ लाखांच्या जरा वर गेलं, त्याला वाढलेली सगळी फी खिशातूनच.