नागपूरची दुपार आणि फोनची बॅटरी

(दृश्य : मे महिन्यातले नागपूर, दुपारी १ ची वेळ. वर्धा मार्गावर दुपट्ट्याने चेहरा गुंडाळलेला दुचाकीस्वार. हँडलवरच्या होल्डरमध्ये उन्हाने तळपणारा फोन.)

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात नागपूरचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा ज्याला घरी थांबणे शक्य आहे तो दुपारी उंबरठा ओलांडत नाही. ज्यांना थांबणे शक्य नसते, त्यांत घरोघरी जेवण आणि किराणा पोहोचवणारे तरुण मोठ्या संख्येने आहेत. गाडीत पेट्रोल असते, पाठीवरच्या पेटीत ग्राहकाची वस्तू असते, आणि तरीही फोन बंद पडला की त्यांचे काम जागीच थांबते, कारण ऑर्डर, पत्ता, ग्राहकाशी बोलणे आणि पैसे मिळाल्याची नोंद हे सगळे त्या एकाच यंत्रावर चालते. सकाळी १० वाजता पूर्ण भरलेली बॅटरी दुपारीच का उतरते आणि ती रात्रीपर्यंत कशी पुरवता येईल, हे समजून घ्यायचे तर या कामाइतकी कठीण परीक्षा दुसरी क्वचितच सापडेल.

आधी हिशेब पाहू. आजच्या साधारण फोनची बॅटरी ५,००० मिलिॲम्पिअर-अवर क्षमतेची असते. तिचा सरासरी दाब ३.८५ व्होल्ट धरला, तर तिच्यात सुमारे १९ वॅट-अवर ऊर्जा मावते. ही ऊर्जा १० तासांच्या पाळीत पुरवायची असेल, तर फोनने सरासरी १.९ वॅटपेक्षा अधिक खर्च करता कामा नये. घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा या ऊर्जेवर जेमतेम दोन तास जळेल. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर पडदा, अँटेना, उपग्रहांचे संकेत टिपणारा जीपीएस आणि प्रोसेसर या चौघांना दिवसभर पोसायचे असते.

(दृश्य : भर उन्हातला पडदा. बोट प्रकाशमान (ब्राइटनेस) वाढवते, तरीही नकाशा अस्पष्टच दिसतो.)

त्यांपैकी सर्वांत मोठा वाटा पडद्याचा असतो, आणि उन्हात तो आणखी वाढतो, कारण सूर्यप्रकाशावर मात करण्यासाठी फोन आपोआप पूर्ण प्रकाशमान गाठतो. गडद पार्श्वभूमी वापरल्याने बॅटरी वाचते असे सर्रास सांगितले जाते, पण त्यात एक महत्त्वाची अट आहे. ओएलईडी पडद्यातला प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो, म्हणून काळा ठिपका जवळजवळ बंदच असतो. एलसीडी पडद्यामागचा दिवा मात्र काळ्या चित्रालाही तेवढाच जळतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये केलेल्या मोजणीत, ओएलईडी फोनचा प्रकाशमान ३० ते ५० टक्के असताना गडद पार्श्वभूमीमुळे सरासरी केवळ ३ ते ९ टक्के ऊर्जा वाचली, तर पूर्ण प्रकाशमानाला ती बचत ३९ ते ४७ टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे कार्यालयात बसणाऱ्याला जी सोय नाममात्र लाभाची आहे, ती उन्हात काम करणाऱ्याला खरोखर उपयोगी पडते. त्याहूनही परिणामकारक उपाय म्हणजे पडदा बंद ठेवणे. ओळखीच्या रस्त्यावर नकाशा सतत उघडा ठेवण्याची गरज नसते. फोन कुलूपबंद असतानाही आवाजी सूचना चालू राहू शकतात, आणि शेवटच्या गल्लीत गाडी बाजूला घेऊन एकदा पाहिले तरी पुरते. नजर रस्त्यावर राहते, हा त्यातला बॅटरीपेक्षा मोठा फायदा आहे.

अँटेनाचा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. टॉवर जवळ असेल तर फोन अगदी हळू आवाजात बोलतो. टॉवर दूर असेल किंवा मध्ये काँक्रीटच्या भिंती असतील, तर त्याला ओरडावे लागते. ४जी फोनची प्रक्षेपणशक्ती अशा वेळी सुमारे २०० मिलिवॅटपर्यंत चढते, आणि ती चांगल्या संकेतातील शक्तीपेक्षा हजारो पटींनी अधिक असू शकते. मॉलच्या तळघरातला वाहनतळ, इमारतीची लिफ्ट, शहराबाहेरची नवी वसाहत या ठिकाणी फोन खिशात असूनही बॅटरी झरझर उतरते, ती यामुळे. जिथे ५जीचा संकेत येतो-जातो, तिथे फोन ४जीवर स्थिर ठेवावा. दुसरे सिमकार्ड कामाच्या वेळेत लागत नसेल तर ते बंद करावे, कारण तेही स्वतंत्रपणे टॉवर शोधत राहते.

जीपीएसबद्दल एक गैरसमज आहे. फोन उपग्रहाला काहीही पाठवत नाही. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून येणारे क्षीण संकेत तो फक्त ऐकतो. खर्च होतो तो त्या ऐकण्यामुळे आणि आकडेमोडीमुळे फोनला झोप मिळत नाही म्हणून. कामाच्या ॲपला ठिकाण सतत लागणारच, मात्र हवामान, खरेदी आणि समाजमाध्यमांच्या ॲपना ते लागत नाही, आणि त्यांना दिलेली परवानगी ‘ॲप वापरात असतानाच’ एवढ्यापुरती मर्यादित करता येते.

इथे एका चुकीची दखल घ्यायलाच हवी, कारण तिचा फटका थेट कमाईला बसतो. बॅटरी उतरू लागली की अनेकजण बॅटरी सेव्हर चालू करतात, आणि मग ऑर्डरची सूचना उशिरा येते किंवा येतच नाही. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, निष्क्रिय पडलेल्या फोनवरील ॲपची कामे पुढे ढकलणारी व्यवस्था आहे, आणि बॅटरी सेव्हर पार्श्वभूमीतल्या ॲपवर आणखी बंधने घालतो. म्हणून बॅटरीच्या सेटिंगमध्ये कामाचे ॲप निर्बंधमुक्त ठेवावे आणि निर्बंध इतरांवर घालावेत. अलीकडे वापरलेली ॲप दर अर्ध्या तासाने बोटाने झटकून बंद करण्याची सवयही सोडावी. तीच ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडताना बहुधा जास्तच ऊर्जा जाते.

(दृश्य : होल्डरमधला फोन. पडदा अचानक मंद होतो. तापमानाचा इशारा उमटतो.)

आता उष्णतेकडे वळू, कारण आतापर्यंत सांगितलेला खर्च रात्री चार्जरला लावून भरून निघतो, उष्णतेने झालेले नुकसान भरून निघत नाही. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणली, आणि तिचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्यात लिथियमचे आयन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ये-जा करतात. ग्रॅफाइटच्या टोकावर एक पातळ थर असतो, आणि तो दरवेळी थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवत जाड होत जातो. तापमान वाढले की ही क्रिया वेग घेते, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर आणखीच. या बॅटऱ्यांबद्दल नेहमी दिल्या जाणाऱ्या आकड्यांनुसार, ४० टक्के भरलेली बॅटरी वर्षभर ४० अंशांत नुसती ठेवली तरी तिची सुमारे ८५ टक्के क्षमता उरते. तीच पूर्ण भरून ठेवली तर सुमारे ६५ टक्केच उरते.

ॲपलसारखी कंपनी आपला फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्याचा सल्ला देते. नागपुरात मे महिन्यात ती मर्यादा सकाळीच ओलांडली जाते, आणि काळ्या काचेचा फोन थेट उन्हात हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. अशा वेळी फोन पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो आणि शेवटी स्वतःला बंद करतो. म्हणून होल्डरवर छोटी सावली करणे किंवा फोन शर्टाच्या खिशात ठेवणे हा बॅटरी टिकवण्याचा पहिला उपाय मानावा. सेटिंगची पाळी त्यानंतर येते. तापलेला फोन बर्फाच्या पाण्याच्या बाटलीला टेकवू नये, कारण आत दव जमते. कव्हर काढून झाडाच्या सावलीत दहा मिनिटे ठेवणे पुरेसे असते.

पॉवर बँक हा बहुतेकांचा आधार असतो, पण तिच्यावरचा आकडा नीट वाचायला हवा. १०,००० मिलिॲम्पिअर-अवर ही आतल्या घटांची क्षमता असते. दाब ५ व्होल्टपर्यंत वाढवताना आणि वाटेतल्या हानीत बरीच ऊर्जा जाते, आणि ५,००० चा फोन तिच्यावर साधारण सव्वा वेळाच भरतो. चालत्या गाडीवर, उन्हात, पॉवर बँक जोडून फोन वापरणे म्हणजे उन्हाची, कामाची आणि चार्जिंगची अशी तिहेरी उष्णता बॅटरीवर लादणे होय. त्यापेक्षा जेवणाच्या वेळी सावलीत चार्जिंग करावे. २० ते ६० टक्के हा टप्पा झपाट्याने भरतो. ८० टक्क्यांनंतर प्रवाह मुद्दाम कमी केला जातो, म्हणून दुपारी शंभराची वाट पाहण्यात वेळ घालवू नये. उपाहारगृहांच्या दाराशी ऑर्डरची वाट पाहणाऱ्यांसाठी सावलीचा एक बाक आणि दोन प्लग असावेत, असे मला मनापासून वाटते, कारण या फोनची आणि त्याच्या बॅटरीची किंमत कामगार स्वतःच्या खिशातून भरतो.

बॅटरी जुनी होऊन क्षमता ८० टक्क्यांखाली गेली, की वरचे सगळे उपाय अपुरे पडू लागतात, आणि तेव्हा नवा फोन घेण्याआधी खात्रीच्या ठिकाणी बॅटरी बदलून घेण्याचा विचार करावा. फोनची पाठ फुगून उचललेली दिसली, तर मात्र त्याच क्षणी चार्जिंग बंद करावे; तो फोन वापरण्यात आगीचा धोका आहे.

(दृश्य : रात्री ११. एका खोलीचे घर, खिडकीत कूलर.)

घरी परतल्यावर भिंती अजून गरमच असतात. फोन उशीखाली न ठेवता, कूलरची हवा लागेल पण पाण्याचे तुषार पोहोचणार नाहीत अशा जागी, स्टुलावर ठेवलेला बरा. रात्री चार्जिंगवर ८० टक्क्यांची मर्यादा लावली, तर पूर्ण भरलेली बॅटरी तासन्‌तास त्या उष्णतेत पडून राहत नाही. सकाळी उठल्याबरोबर ती मर्यादा काढली, की आंघोळ आणि न्याहारी उरकेपर्यंत उरलेले २० टक्के भरतात, आणि १० वाजता गाडी सुरू होते तेव्हा बॅटरी पूर्ण असते.