लाभार्थ्यांची यादी आणि आधार क्रमांक

श्रोतेहो, नमस्कार.

२०१० च्या सप्टेंबरमध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. आज रेशनपासून शिष्यवृत्तीपर्यंत तो बारा आकडी क्रमांक आपण देतो, कारण सरकारदरबारी तो जपला जाईल असा आपला विश्वास असतो.

पण २०१७ मध्ये सरकारनंच संसदेत सांगितलं, की केंद्र आणि राज्यांची खाती, शिक्षणसंस्था यांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावं, पत्ते आणि आधार क्रमांक उघड दिसत होते. यात कुणी चोरी केली नव्हती. याद्या कार्यालयांनीच टाकल्या होत्या! आणि आधार क्रमांक जाहीर करायचा नाही, असं २०१६ च्या आधार कायद्याचं २९ वं कलम सांगतं.

याद्या लागायलाच हव्यात. घरकुल कुणाला मंजूर झालं, किती पैसे मिळाले, हे गावाला कळलंच पाहिजे. पण त्याला नाव आणि रक्कम पुरते. आधार आणि बँक खात्याचे आकडे कशाला? माहिती बेतानं घेणं आणि काम झालं की पुसून टाकणं, ही सवय आपल्या कार्यालयांना लागलेली नाही, हे मला फार खटकतं.

२०१७ मध्येच, २४ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती सांभाळण्यात कसूर झाल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार एखाद्या सरकारी यंत्रणेला या कायद्यातून वगळू शकतं. ही सूट फार मोठी आहे. ज्यांच्याकडे आपली सर्वांत जास्त माहिती आहे, त्यांनाच जाब विचारायची सोय कमी का असावी?

आपल्या हातात आहे तेवढं आजच करा. झेरॉक्स देताना जिथं चालेल तिथं मास्क्ड आधार द्या. त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. बोटांचे ठसे ऑनलाइन लॉक करता येतात. आपलं आधार कुठं कुठं पडताळलं गेलं, तेही आधारच्या संकेतस्थळावर पाहता येतं. नोंद अनोळखी वाटली, तर १९४७ या क्रमांकावर तक्रार करा. आणि गावच्या यादीत कुणाचा पूर्ण आधार क्रमांक दिसला, तर ग्रामपंचायतीला लेखी अर्ज देऊन तो काढायला लावा, पोचही घ्या.